लिस्बनचे आराखडे, तारापूरचा तट

१७१९ सालच्या जानेवारीत फिलिप्पो युव्हारा हा चाळिशी गाठलेला इटालियन वास्तुकार लिस्बनला पोहोचला. पोर्तुगालचा राजा पाचवा जुआंव याने त्याला ट्यूरिनहून मुद्दाम बोलावून घेतले होते. रोममधल्या पोपच्या वैभवाशी बरोबरी करील असा राजवाडा आणि त्याला लागून तितकेच भव्य चर्च राजाला हवे होते. युव्हारा सुमारे सहा महिने राहिला. त्याने जागा पाहिल्या, कागदामागून कागद भरले, बंदराच्या तोंडाशी उभारायच्या दीपगृहाचीही कल्पना चितारली, आणि राजाने दिलेला सरदारकीचा मान घेऊन उन्हाळ्यात तो परत फिरला. त्या कागदांवरचा राजवाडा कधीच उभा राहिला नाही.

त्याच वेळी, त्याच राजाचा झेंडा तारापूरच्या किल्ल्यावर फडकत होता. बोईसर स्टेशनवर उतरून पश्चिमेला समुद्राकडे निघाले, की कारखान्यांची वसाहत मागे पडते आणि तारापूर गाव लागते. पलीकडे चिंचणी, मध्ये खाडी, आणि खाडीच्या दक्षिणेला हा किल्ला. लिस्बनहून तारापूरला यायला तेव्हा शिडाच्या जहाजाला केप ऑफ गुड होपचा वळसा घालून, वारा साथ देत असला तरी अर्धे वर्ष लागे. पण खजिना एकच होता. तिकडे कशावर पैसा गेला आणि इकडे कशावर गेला नाही, हा हिशेब मांडल्याशिवाय १७३९ सालच्या जानेवारीत तारापूरला जे घडले ते नीट उमगत नाही. आपल्याकडे वसईच्या मोहिमेवर पुष्कळ लिहिले गेले आहे. तारापूरच्या वाट्याला मात्र त्यात सहसा एक-दोन ओळी येतात, आणि त्या ओळींमध्ये लिस्बन कुठेच नसते.

आधी इटलीचा आणि या किनाऱ्याचा संबंध कसा जुळला ते पाहू. १४९४ मध्ये फ्रान्सचा राजा आठवा चार्ल्स काशाच्या ओतीव तोफा घेऊन इटलीत उतरला आणि शतकानुशतके टिकलेले उंच, सरळ तट त्या तोफांपुढे भराभर कोसळू लागले. त्या धक्क्यातून इटलीतल्या कारागिरांनी आणि गणितज्ञांनी नवी तटबंदी शोधून काढली. तट ठेंगणा, पण जाड, बाहेरून उतार दिलेला आणि आतून मातीने भरलेला. कोपऱ्यांवर गोल बुरुजांऐवजी बाणाच्या फाळासारखे टोकदार बुरूज. गोल बुरुजाच्या पायथ्याशी अशी थोडी जागा राहते, जिथे वरच्या कोणाचीच गोळी पोहोचत नाही. शत्रू नेमका तिथे येऊन बिलगतो. टोकदार बुरुजाला अशी आंधळी जागा नसते. त्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर शेजारच्या बुरुजांच्या बगलेतल्या तोफांची नजर असते. एक बुरूज दुसऱ्याला राखतो, दुसरा तिसऱ्याला. अशी तटबंदी केवळ गवंड्याच्या अनुभवावर उठत नाही. आधी कागदावर कोन काढावे लागतात, तोफेचा पल्ला मोजावा लागतो, मग दोरी सोडून जमिनीवर रेघ मारावी लागते. म्हणून या कामात आराखडा काढणाऱ्याला गवंड्यापेक्षाही वरचे स्थान मिळाले, आणि युरोपभरच्या राजांनी इटालियन आराखडेकारांना पगार देऊन बोलावले.

पोर्तुगीजांच्या हिंदुस्थानात हे शास्त्र मोठ्या प्रमाणावर आले ते जोव्हानी बात्तिस्ता कायराती याच्या हातून. हा मूळचा मिलानचा. १५८० मध्ये पोर्तुगालचे तख्त स्पेनच्या दुसऱ्या फिलिपकडे गेले आणि तीन वर्षांनी कायराती पूर्वेकडच्या किल्ल्यांचा मुख्य अभियंता म्हणून गोव्यात आला. दमण, वसई, मलाक्का आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा मोंबासा इतका त्याचा पसारा. मोंबासाचा फोर्ट जीझस १५९३ मध्ये त्याच्याच आराखड्यावरून सुरू झाला, आणि आजही तो पाहिला की या माणसाच्या हाताची शिस्त ध्यानात येते. मायदेशी परतणे त्याच्या नशिबी नव्हते. १५९६ मध्ये तो गोव्यातच वारला. मोठ्या दमणच्या तटावरून चालताना किंवा वसईच्या भुईकोटातल्या टोकदार बुरुजावर उभे राहून दोन्हीकडे पाहताना मिलानच्या त्या माणसाची आठवण ठेवावी, असे मला मनापासून वाटते. आपण किल्ल्याचे नाव घेतो, जिंकणाऱ्याचे नाव घेतो. ज्याच्या रेघेवर दगड रचला गेला, त्याचे नाव सहसा घेत नाही.

तारापूर या साखळीतले लहान ठाणे. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे आली, १५५९ मध्ये त्यांनी दमण घेतले, आणि या दोहोंच्या मधली किनारपट्टी त्यांनी ठाण्याठाण्यांनी बांधून काढली : डहाणू, तारापूर, शिरगाव, माहीम, केळवे, आणि आत डोंगरावर अशेरी. तारापूरचा मुलूख दमणच्या अखत्यारीत होता. भात, ताडामाडाच्या बागा, आणि आतल्या जंगलातून जहाजबांधणीसाठी खाली उतरणारा साग, ही या पट्ट्याची दौलत. तो माल खाड्यांमधूनच बाहेर पडे, म्हणून प्रत्येक खाडीच्या तोंडाशी एक किल्ला. १६३५ मध्ये गोव्याच्या दफ्तराचा प्रमुख आंतोनियु बोकार्रु याने पूर्वेकडच्या सगळ्या पोर्तुगीज किल्ल्यांचे वर्णन लिहिले आणि व्हाइसरॉयचा चिटणीस पेद्रु बार्रेतु दि रेझेंदे याने त्यांची चित्रे काढली. तो ग्रंथ पोर्तुगालमध्ये एव्होरा गावच्या ग्रंथालयात आहे. रेझेंदेच्या चित्रांत प्रमाण सांभाळलेले नाही. काही गोष्टी वरून पाहिल्यासारख्या, काही समोरून, घरे आणि झाडे मनाजोगी. पण राजाला आपला मुलूख एकाच बैठकीत डोळ्यांखालून घालता यावा, ही त्यामागची गरज खरी होती. इतक्या दूरच्या सत्तेला कागदाखेरीज डोळे नव्हते.

साठ वर्षांनी, १६९५ मध्ये, नेपल्सचा एक कायदेपंडित या किनाऱ्याने गेला. जेमेल्ली कारेरी त्याचे नाव. स्वतःच्या हौसेने जगाची प्रदक्षिणा करायला निघालेला हा माणूस दमणहून वसईकडे जाताना तारापूरवरून गेला. बऱ्यापैकी मोठे गाव, त्यात डॉमिनिकन आणि फ्रान्सिस्कन पंथांच्या साधूंचे मठ, असे त्याने नोंदवले. अशेरीचा डोंगरी किल्लाही त्याच्या नोंदीत आहे. वाचताना वाटते, सगळे सुरळीत चालले होते. तटाच्या आतले दारूचे कोठार किती भरलेले आहे, हे नावेतून दिसत नसते.

आता पुन्हा युव्हाराकडे. १६७८ मध्ये सिसिलीतल्या मेसिना शहरात चांदीकाम करणाऱ्याच्या घरी तो जन्मला. हातात पहिल्यांदा आली ती छिन्नी, आणि डोळ्याला सवय लागली ती नखाएवढ्या जागेत वेलबुट्टी बसवण्याची. पुढे त्याने धर्मदीक्षा घेतली, १७०४ मध्ये रोमला जाऊन कार्लो फोंताना या नामांकित वास्तुकाराकडे शिकला, कार्डिनल ओत्तोबोनीच्या खाजगी नाट्यगृहासाठी रंगमंचाचे देखावे काढले. १७१४ मध्ये त्याला सव्हॉयच्या राजाने ट्यूरिनला नेले आणि तिथे त्याने सुपेर्गा टेकडीवरचे चर्च, शहरातला पालाझ्झो मादामाचा दर्शनी भाग आणि शिकारीसाठीचा स्तुपिनीजीचा महाल उभा केला. पण त्याने बांधले त्याच्या कितीतरी पट चितारले. त्याची चित्रे पाहिली की काम करण्याची पद्धत कळते. आधी शिसपेन्सिलीची पुसट रेघ, तीही एखाद-दुसरी. मग टाक आणि तपकिरी शाई, हात न थांबता चाललेला, खांब दोन फटकाऱ्यांत, कमान एका वळणात. शेवटी त्याच शाईचा पाणी घातलेला फिका हात कुंचल्याने फिरवला, की सपाट कागदावर जिने खोल जातात आणि घुमट पुढे येतो. रंगमंचावर आयुष्याची काही वर्षे घालवलेल्या माणसाला खोलीचा भास निर्माण करणे सहज साधे. राजेलोकांना हे फार आवडे. इमारत उभी राहण्याआधीच ती कागदावर दिमाखात उभी असे.

पण पोर्तुगालमध्ये आराखड्याची दुसरीही एक शाळा त्याच वर्षी बळ धरत होती, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने ती जास्त मोलाची. १७१९ मध्ये मानुएल दि आझेव्हेदु फोर्तिश हा राज्याचा मुख्य अभियंता झाला. हा इटलीतल्या सिएना इथे शिकवून आलेला. त्याने १७२२ मध्ये नकाशे काढण्याच्या रीतीवर पुस्तक लिहिले आणि १७२८-२९ मध्ये ‘पोर्तुगीज अभियंता’ या नावाचा दोन भागांचा ग्रंथ काढला. लष्करी आराखडा कसा असावा, याची तेव्हा युरोपात एक ठरलेली शिस्त होती. त्यात सौंदर्याला जागा होती, पण प्रत्येक रंगाला काम नेमून दिलेले होते. बांधून झालेली भिंत लाल रंगात दाखवायची. जी बांधायची आहे, पण अजून बांधलेली नाही, ती पिवळ्या रंगात. दूर बसलेल्या मंत्र्याने कागद उलगडताच किती झाले आणि किती राहिले, हे त्याला न वाचता कळावे.

पाचव्या जुआंवच्या राज्यात हा पिवळा रंग कुठे लाल झाला, हे पाहण्यासारखे आहे. ब्राझीलच्या खाणींतून सोने येत होते, इतके की युरोपातले दुसरे राजे हेवा करत. राजधानीजवळ माफ्रा इथे १७१७ मध्ये एका मठाची पायाभरणी झाली. सुरुवातीची कल्पना लहान होती. ती वाढत वाढत राजवाडा, चर्च आणि शेकडो साधूंचा मठ अशी प्रचंड झाली. युव्हाराचा राजवाडा कागदावरच राहिला, त्यामागे माफ्राने गिळलेला पैसा हेही एक कारण होते. रोममध्ये शिकलेल्या लुदोविसी या जर्मन वास्तुकाराने ते काम पाहिले. १७३० मध्ये राजाच्या वाढदिवशी, २२ ऑक्टोबरला, चर्चचे उद्घाटन व्हायलाच हवे म्हणून शेवटी चाळीस हजारांहून अधिक माणसे कामाला जुंपली गेली. मनोऱ्यांत बसवायला घंटांचे दोन संच उत्तर युरोपातून मागवले. रोमहून संगमरवरी पुतळे आले. नेपल्सहून बोलावलेले दोन इटालियन जेझुइट गणिती, कार्बोने आणि कापास्सी, १७२२ पासून राजाच्या पदरी होते. त्यांपैकी कापास्सीला १७२९ मध्ये ब्राझीलचे नकाशे काढायला पाठवले, कारण सोने तिथे होते. तेच शास्त्र शिकलेली तशीच एखादी तुकडी वसई-दमणच्या किनाऱ्यावर मात्र उतरली नाही.

उत्तरेच्या प्रांतात, म्हणजे आपल्या या किनाऱ्यावर, काय चालले होते? १७२८ मध्ये इथल्या किल्ल्यांची सरकारी पाहणी झाली. निष्कर्ष सगळीकडे सारखाच होता : शिपाई थोडे, तोफा जुन्या, कित्येक तोफांचे गाडे मोडके, तट जागोजागी दुरुस्तीला आलेले, दारूगोळा अपुरा. आझेव्हेदु फोर्तिशचा ग्रंथ लिस्बनच्या छापखान्यात होता, तेव्हाच हा कागद तयार झाला. एकाच सरकारच्या दोन हातांनी लिहिलेले हे दोन कागद शेजारी ठेवून वाचावेत. एकात किल्ला कसा असावा हे सांगितले आहे, दुसऱ्यात तो कसा आहे हे. ठाण्याला नवा किल्ला बांधायला घेतला होता, पण १७३७ मध्ये मराठे साष्टीत उतरले तेव्हा तो अर्धवटच होता. पिवळी रेघ पिवळीच राहिली होती.

आणि तटाच्या बाहेर माणसे होती. कोळी, भंडारी, वाडवळ, आगरी, वारली, ब्राह्मण, प्रभू. दोनशे वर्षे या राज्यात राहून त्यांच्यातल्या अनेकांच्या मनात राज्याबद्दल आपुलकी उरली नव्हती. देवळे गेली होती, उघड सणसमारंभांवर बंदी होती, पोरक्या मुलांना धर्मांतरासाठी नेले जाई. अंजूरच्या गंगाजी नाईकांनी आणि त्यांच्या भावांनी वर्षानुवर्षे पुण्याकडे खेपा घालून पेशव्यांना या मुलखात यायला लावले, ही हकीकत साष्टीच्या बखरीत सविस्तर आली आहे. जमिनीवरचा माणूस विरोधात गेला की कायरातीचा बुरूजही एकटा पडतो. एक बुरूज दुसऱ्याला राखील, ही योजना तटापुरती ठीक. तटाबाहेरची वाट, विहीर, होडी आणि बातमी कोणाच्या हातात आहे, हे आराखड्यात दाखवता येत नाही.

१७३७ मध्ये साष्टी गेली, ठाणे गेले. वसईवर मात्र मराठ्यांना यश आले नाही. शिड्या लावून चढायचे दोन प्रयत्न फसले, पुष्कळ माणूस पडले. त्या टोकदार बुरुजांनी आपले काम चोख केले होते. शिडी घेऊन धावणाऱ्यावर दोन्ही बगलांतून मारा होतो, हे आपल्या लोकांनी रक्त सांडून शिकले. माहीमचा वेढाही एकदा उठवावा लागला. सरधोपट हल्ल्याने ही तटबंदी हाती लागणार नाही, हे पुरते कळले तेव्हा मार्ग बदलला. १७३८ सरता सरता चिमाजी आप्पा स्वतः मोठी फौज घेऊन कोकणात उतरले आणि त्यांनी वसईला थेट हात न घालता आधी तिच्या उत्तरेची साखळी तोडायला घेतली. नव्या वर्षाच्या जानेवारीत माहीम पडले, पाठोपाठ केळवे आणि शिरगाव. मग पाळी तारापूरची.

तारापूरला सुरुंग लावले गेले. सुरुंगाचे काम बाहेरून दिसते त्यापेक्षा फार अवघड आणि फार शांत डोक्याचे असते. आधी तटापासून दूर, गोळीच्या माऱ्याबाहेर, मोर्चे बांधायचे. तिथून आडवेतिडवे खणत पुढे सरकायचे, म्हणजे तटावरच्या बंदुकांना सरळ नेम मिळत नाही. तट जवळ आला की जमिनीखाली शिरायचे. माती ढासळू नये म्हणून लाकडांचा टेकू देत, वाकून, अंधारात, एका वेळी एक-दोन माणसे खणतात आणि मागचे टोपल्या बाहेर काढतात. दिशा चुकली तर सगळी मेहनत फुकट, कारण दारू तटाच्या बरोबर पायाखाली उडायला हवी. शेवटी एक कोठी खणून तीत दारूची पिंपे रचायची, मागचे तोंड दगडमातीने घट्ट बुजवायचे, नाहीतर स्फोट आल्या वाटेने परत येतो. मग बत्ती. उतार दिलेला जाड तट तोफेच्या गोळ्याला दाद देत नाही, पण पायाखालची जमीन उडाली की त्याचे स्वतःचेच वजन त्याला खाली ओढते. हे खणणारे बेलदार आणि सुरुंगे कागदावर कोन काढत नसत. अंतर पावलांनी आणि काठीने मोजून, कानाने वरचा आवाज घेऊन ते आपली रेघ जमिनीखालून नेत. मी त्यांनाही आराखडेकारच म्हणेन. त्यांची नावे कुठे नोंदली गेली नाहीत, याचे मला फार वाईट वाटते.

तारापूरला चार सुरुंग भरले होते. त्यांपैकी दोन चांगले उडाले. तटाला खिंडारे पडली आणि मराठे आत घुसले. पण इथे लढाई संपली नाही. आतल्या शिबंदीने खिंडारातच हत्यार धरले. हातघाईची लढाई झाली आणि संख्येपुढे नाइलाज होईपर्यंत ते लढत राहिले. त्यांच्या शौर्याची कबुली खुद्द चिमाजी आप्पांच्या पत्रात आहे, आणि शत्रूबद्दल असे लिहिणारा सेनापती मला मोठा वाटतो. पुरेसा पगार नाही, पुरेशी दारू नाही, मदतीची आशा नाही, अशा स्थितीत परमुलखातल्या एका खाडीच्या काठी ती माणसे मेली. त्यांच्या राजाने माफ्राच्या घंटांवर केलेल्या खर्चाचा थोडका वाटा इकडे वळवला असता, तर ती कदाचित मेली नसती.

मराठ्यांनाही किल्ला स्वस्तात मिळाला नाही. बाजी भीवराव रेठरेकर तारापूरच्या लढाईत गोळी लागून पडले. बाजीराव आणि चिमाजी आप्पा यांच्याशी त्यांचा घरोबा सख्ख्या भावासारखा होता. त्यांच्या मागे राहिलेल्या आईच्या सांत्वनासाठी पेशव्यांच्या घरातून गेलेले पत्र आपल्या ऐतिहासिक पत्रव्यवहारातल्या हृद्य पत्रांपैकी एक मानले जाते. रामचंद्र हरी पटवर्धन जखमी झाले. पुढे मराठी राज्यात नाव कमावणाऱ्या परशुरामभाऊंचे हे वडील. विजयाच्या वर्णनात ही दोन नावे घाईघाईने येऊन जातात. तारापूरकरांनी तरी ती घाई करू नये.

त्यानंतरचे वेगाने घडले. फेब्रुवारीत अशेरी हाती आली. वसईचा वेढा आवळला गेला, आणि मे १७३९ मध्ये वसईही पडली. तीही सुरुंगांनीच. सेंट सेबॅस्टियन बुरूज उडाल्यावर आतल्यांनी तह मागितला आणि शरण आलेल्यांना सन्मानाने जाऊ दिले गेले. तारापूरला जे करून पाहिले, तेच वसईला मोठ्या प्रमाणावर केले, असे मी म्हणतो ते याचसाठी. वसईच्या चर्चांमधल्या घंटा हत्तींवरून आणि गाड्यांवरून देशावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली प्रसिद्ध घंटा १७२१ साली ओतलेली आहे. म्हणजे युव्हारा लिस्बनहून परतला त्यानंतर दोनच वर्षांनी. त्या घंटेखाली उभे राहणाऱ्या भाविकाला माफ्रा ठाऊक असण्याचे कारण नाही, पण तो काळ एकच आहे.

लिस्बनने मदत पाठवली, पण केव्हा? लौरिसालचा मार्किश नवा व्हाइसरॉय म्हणून जहाजे आणि सुमारे दोन हजार सैन्य घेऊन गोव्याला पोहोचला तो १७४१ मध्ये. तोवर उत्तरेच्या प्रांतातून पोर्तुगीजांच्या हाती दमण आणि दीव एवढेच उरले होते. युव्हारा तर त्याआधीच, ३१ जानेवारी १७३६ रोजी, माद्रिदमध्ये स्पेनच्या राजवाड्याचे आराखडे काढता काढता मरण पावला होता. आणि लिस्बनच्या नदीकाठचा राजवाडा, त्यातला ग्रंथसंग्रह, राजाने हौसेने सजवलेले चर्च हे सगळे १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात आणि आगीत नाहीसे झाले. युव्हाराने त्या शहरासाठी काढलेली काही चित्रे मात्र ट्यूरिनमध्ये सुखरूप राहिली. माफ्रा उभे आहे.

तारापूरचा किल्ला मराठ्यांकडून इंग्रजांकडे गेला आणि पुढे विकाजी मेहेरजी या तारापूरच्या पारशी घराण्याकडे इनाम म्हणून आला. हे घराणे साधे नव्हे. किनाऱ्यावरच्या जकातीचे मक्ते, हैदराबादच्या निजामाच्या राज्यात सावकारी पेढी, वऱ्हाडातला कापूस थेट मुंबईला पाठवण्याची सुरुवात, इतका त्यांचा व्याप होता. तारापूरची पारशी अग्यारीही त्यांचीच देणगी. ठाणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटिअरात किल्ल्याच्या आत विहिरी आणि बागा असल्याची नोंद आहे. युद्धासाठी बांधलेल्या जागेत झाडे लागली, यात वाईट काही नाही. तटाचे दगड ज्यांनी जागच्या जागी राहू दिले, त्यांचे आभारच मानायला हवेत.

आज तारापूर म्हटले की अणुवीज केंद्र आठवते. १९६९ मध्ये सुरू झालेले देशातले पहिले. त्याच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांचे आराखडेही समुद्रापलीकडून, अमेरिकेहून आले होते. फरक इतकाच की ते पिवळे राहिले नाहीत. त्यामागे पैसा होता, माणसे होती, वेळेवर येणारी जहाजे होती.

माझे मत मी स्पष्ट सांगतो. तारापूरचा किल्ला वाईट आराखड्यामुळे पडला नाही. दीडशे वर्षांपूर्वी इटलीहून आलेले शास्त्र तेव्हाही खरे होते, वसईच्या शिड्यांनी ते सिद्ध केले होते. तो पडला, कारण राजाने कागदावरच्या देखण्या राजवाड्यांवर आणि घंटांवर जीव लावला आणि दूरच्या तटाचा चुना, दारू आणि पगार यांकडे पाठ फिरवली; कारण त्या तटाभोवतीची प्रजा त्याची राहिली नव्हती; आणि कारण समोर चिमाजी आप्पांसारखा, फसलेल्या हल्ल्यांतून शिकणारा सेनापती उभा ठाकला. यांतले एक जरी नसते, तरी कदाचित वेगळे घडले असते. तिन्ही एकत्र आली.

शेवटी एक विनंती. चिंचणी-तारापूरच्या परिसरात सोन्याचांदीच्या दागिन्यांसाठी लोखंडी डाय कोरणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या काम करत आले आहेत. नखाएवढ्या जागेत नक्षी बसवणारा हात, मेसिनाच्या चांदीकाम करणाऱ्याच्या घरात युव्हाराला मिळाला तसाच, इथे घराघरांत आहे. पालघर, बोईसरच्या शाळा-महाविद्यालयांतल्या चित्रकलेच्या आणि स्थापत्याच्या शिक्षकांनी अशा घरांतली मुले हाताशी धरावीत, जागामालकांची परवानगी घ्यावी, आणि टेप, दोरी, ओळंबा घेऊन तारापूरच्या किल्ल्याचा तट दगड न्‌ दगड मोजावा. जो उभा आहे तो लाल रंगात काढावा, जो पडला आहे तो पिवळ्यात. मग ते कागद रेझेंदेच्या १६३५ च्या चित्रांशेजारी ठेवून तपासावेत आणि एक प्रत गावच्या वाचनालयात लावावी. समुद्राची खारी हवा चुन्याला सोडत नाही, म्हणून हे काम येत्या पावसाळ्याआधी हाती घ्यावे.